दुकानातला जुना संगणक हलका करताना

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची बिलं करणारे बरेच संगणक ४ जीबी रॅम आणि फिरत्या हार्ड डिस्कचे असतात. विंडोज १० त्यावर रखडतं, पण फॉरमॅट मारायची घाई नको.

आधी रिस्टोर पॉइंट तयार करा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोजची सेटिंग्ज आधीच्या स्थितीत नेता येतात. त्यासाठी लागणारं सी ड्राइव्हचं प्रोटेक्शन बहुतेक वेळा बंदच असतं. ते चालू करून ५ टक्के जागा द्या. मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि स्टार्टअपमधून टीम्स, वनड्राइव्ह, प्रिंटरचे अपडेटर डिसेबल करा. अँटीव्हायरसला हात लावू नका.

विंडोज आणि आर दाबून सिसडीएम डॉट सीपीएल टाइप करा. ॲडव्हान्स्डमध्ये परफॉर्मन्सच्या सेटिंग्जमध्ये ‘बेस्ट परफॉर्मन्स’ निवडलं की सगळ्या खुणा निघतात. त्यातली ‘स्मूथ एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स’ ही खूण परत लावाच, नाहीतर देवनागरीतली जोडाक्षरं आणि वेलांट्या खडबडीत दिसून वाचताना डोळे दुखतात.

डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल तर सर्व्हिसेसमध्ये सिसमेन (SysMain, नेहमीचे प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी सेवा) बंद करून बघा. प्रिंट स्पूलर मात्र चालूच ठेवा. तो थांबला की बिल छापायचं थांबतं. पेजफाइल, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरते ती फाइल, तीही काढू नका, कमी रॅमवर टॅली आणि ब्राउझर एकदम उघडले की प्रोग्रॅम बंद पडतात.

विंडोजमधली नको असलेली ॲप्स एकदम काढणाऱ्या इंटरनेटवरच्या ‘डीब्लोट’ स्क्रिप्ट न वाचता चालवणं सगळ्यात धोक्याचं. त्यात मायक्रोसॉफ्ट स्टोअर उडालं की परत बसवताना नाकी नऊ येतात.

एवढं करूनही खरा फरक फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवल्यानेच पडतो. २४० जीबीची पुरते. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, तेव्हा नेट बँकिंग त्यावर टाळलेलं बरं.