स्पोरनची साखळी कशी निवडावी

किल्टला, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या चुणीदार, घागऱ्यासारख्या वस्त्राला, खिसे नसतात. म्हणून स्कॉटलंडमध्ये किल्ट नेसणारा माणूस पुढच्या बाजूला, अगदी मधोमध साखळीने किंवा पट्ट्याने एक पिशवी लटकवतो. ती स्पोरन. ग्लासगो-एडिनबराला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्याकडच्या मुलांनाही मित्राच्या लग्नात हा पोशाख चढवायची वेळ येते, आणि हौस जडली की भाड्याच्या जोडाऐवजी स्वतःचा घ्यावासा वाटतो. मग टार्टनच्या, म्हणजे किल्टच्या चौकड्यांच्या कापडाच्या, रंगांवर महिनाभर खल होतो, साखळी मात्र दुकानदार हातात देईल ती. वास्तविक त्या महागड्या लोकरी कापडाला रोज घासणारी वस्तू हीच.

साखळी लागणार आहे का, हे आधी ठरवा. दिवसाचा साधा पोशाख असेल, म्हणजे ट्वीडचं जाकीट आणि चामड्याची साधी स्पोरन, तर चामड्याचा पट्टाच शोभतो. तपकिरी चामड्यावर चकचकीत साखळी मला तरी बघवत नाही. साखळीचं खरं स्थान संध्याकाळच्या समारंभात: वर प्रिन्स चार्ली नावाचं समारंभी आखूड जाकीट, खाली फर लावलेली, धातूच्या पट्टीची स्पोरन. वेस्टकोट घातला की रुंद कमरपट्टा सहसा बांधत नाहीत, त्यामुळे कमरेच्या आसपास ही साखळीच नजरेत भरते.

‘साखळी’ म्हणतात खरी, पण ती कमरेभोवती पूर्ण धातूची नसावी. चांगल्या साखळीत पाठीमागचा भाग चामड्याचा आणि बकलचा असतो. तो किल्टच्या मागच्या पट्टीच्या लूपांतून जातो आणि चुण्यांवर सपाट बसतो. कड्या फक्त दोन्ही बाजूंनी पुढे येतात. पाठीमागेही कड्या असतील तर खुर्चीत टेकल्याबरोबर त्या टोचतात आणि चुण्याही विस्कटतात.

आता माप. पँटच्या कमरेचा आकडा इथे उपयोगाचा नाही. किल्ट बेंबीच्या पातळीवर नेसतात आणि स्पोरनचा पट्टा त्याच्या बराच खाली, कमरेच्या हाडांवर टेकतो. किल्ट नेसूनच, त्या जागेवरून टेप फिरवा. बकल मधल्या भोकात बसेल अशी लांबी घ्या, म्हणजे लग्नाच्या जेवणानंतर एक भोक सैल करायची सोय राहते. स्पोरनची वरची कड कमरपट्ट्याच्या बकलच्या किंवा वेस्टकोटच्या खालच्या टोकापासून साधारण चार बोटं खाली यावी. त्याहून खाली गेली तर चालताना मांड्यांवर आपटत राहते.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो कड्यांना. आठ वारी किल्टचं चांगलं कापड म्हणजे दर वाराला १३ किंवा १६ औंस वजनाची पीळदार लोकर. टिकाऊ असते, पण एक धागा ओढला गेला की तिरप्या उजेडात लगेच दिसतो. झीज आधी दिसते ती कमरेच्या दोन्ही बाजूंना, जिथे साखळी चालताना मागेपुढे सरकते. प्रत्येक कडीचा जोड पाहा. डाख देऊन बंद केलेली कडी हवी. नुसतं तार वाकवून टोकाला टोक भिडवलेलं असेल तर वजनाने फट पडते आणि त्या फटीत धागा अडकतो. परीक्षा सोपी आहे: जुना नायलॉनचा मोजा घेऊन साखळीवरून दोन्ही दिशांनी ओढा. कुठेही अडला तर ती साखळी परत ठेवा. पीळ देऊन चपट्या केलेल्या कड्या कापडावर सपाट पडतात, माझं मत त्यांनाच. थिसल या स्कॉटलंडच्या काटेरी फुलाच्या किंवा केल्टिक गाठीच्या आकाराच्या कड्या छायाचित्रात सुरेख दिसतात, पण त्यांचे कोपरे बोटाने चाचपल्याशिवाय पैसे मोजू नका.

टोकं कशी आहेत तेही बघा. स्पोरनच्या पाठीला दोन कड्या असतात, त्यांत साखळीची टोकं अडकतात: कुठे आडवी दांडी, कुठे चामड्याची जीभ आणि गुंडी, कुठे छोटी क्लिप. दांडी कडीच्या तोंडापेक्षा लांब हवी, नाहीतर नाचताना निसटेल. स्पोरन सोबत नेऊन दुकानातच अडकवून पाहणं उत्तम. बँडवाल्यांची घोड्याच्या केसांची लांब स्पोरन जड असते. तिच्यासाठी नाजूक साखळीचा विचारही नको.

मग रंग. साखळी, स्पोरनची धातूची पट्टी, जाकिटाची बटणं आणि किल्टची पिन यांचं एकमेकांशी जुळायला हवं. क्रोमची थंड चकाकी आणि खाचांत काळपट ठेवलेली जुनाट चांदी शेजारीशेजारी आल्या की दोन्ही फिक्या पडतात. दुकानाच्या दिव्याखाली हा फरक कळत नाही, दारापाशी जाऊन उजेडात बघा. स्पोरनच्या पुढच्या गोंड्यांच्या बारीक साखळ्याही याच हिशेबात धरा. बहुतेक स्पोरनना तीन गोंडे असतात. आर्गाइल अँड सदरलंड हायलँडर्स या पलटणीच्या जवानांच्या स्पोरनला सहा असत, म्हणून तिचं नावच पडलं ‘स्विंगिंग सिक्स’.

चांदीची म्हणून जास्त पैसे मागितले तर छाप शोधा. चांदीची शुद्धता तपासणाऱ्या एडिनबराच्या कार्यालयाची खूण तीन बुरुजांचा किल्ला. सोबत १७५९ ते १९७४ पर्यंतच्या वस्तूंवर थिसल, १९७५ पासून मागच्या पायांवर उभा सिंह. ‘ईपीएनएस’ ही अक्षरं दिसली तर ती चांदी नव्हे, जर्मन सिल्व्हरवरचा चांदीचा मुलामा. ऑनलाइन मिळणारे बरेच स्वस्त संच सियालकोटहून येतात. तिथले कारागीर बॅगपाइपसुद्धा बनवतात, तेव्हा सियालकोटचं म्हणजे वाईट असं मुळीच नाही. फक्त स्वस्तातल्या मालाचा मुलामा कोपऱ्यांवर लवकर उडतो.

घरी आणल्यावर पूर्ण पोशाख घालून बसा, उठा, जिने चढा. केली या स्कॉटिश मेळाव्यातल्या नाचात स्पोरन बाजूला, कमरेवर सरकवायची पद्धत आहे. ती सहज सरकते का, आणि सरकताना कापड ओढलं जातं का, हे तेव्हाच कळेल. साखळी किल्टसोबत गुंडाळून ठेवू नका, मऊ फडक्यात वेगळी ठेवा. विमानाने जाणार असाल तर ती चेक-इनच्या बॅगेत टाका. मोज्यात खोचायचा स्गिअन डू हा छोटा सुराही तिथेच जायला हवा, केबिनमध्ये तो नेऊ देत नाहीत.