शांत खोली रिकामीच का राहते? समावेशक जागा आखताना या चुका टाळा

स्वमग्नता (ऑटिझम), एडीएचडी (लक्ष टिकवण्यातील अडचण व अतिचंचलता), डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातील अडचण) अशा निराळ्या मेंदूघडणीच्या, म्हणजेच न्यूरोडायव्हर्जंट, व्यक्तींसाठी शाळेत किंवा कार्यालयात एक शांत खोली राखून ठेवली की जबाबदारी संपली, असे अनेकांना वाटते. पुढे ती खोली कुणी वापरत नाही असे दिसले, तर तिची गरजच नव्हती असा निष्कर्ष काढण्याआधी खोलीच तपासावी. तिथे जाण्यासाठी दरवेळी चारचौघांत परवानगी मागावी लागते का? वर्गात गोंधळ करणाऱ्या मुलाला शिक्षा म्हणून तिथेच पाठवले जाते का? शिक्षेच्या जागी कुणालाही विसावा मिळत नाही.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते प्रकाशाकडे. जुन्या चोकवर चालणारी ट्यूबलाइट ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते; बहुतेकांना ते जाणवत नाही, पण काहींचे डोके त्याने दुखू लागते, आणि दुपारनंतर ती व्यक्ती चिडली की तिच्या स्वभावावर शेरा मारला जातो. संवेदनांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद हा २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेत स्वमग्नतेच्या निकषांपैकी एक आहे. त्याला लहरीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. त्रास कोणत्या वेळी, कोणत्या जागी आणि कशानंतर होतो, याची आठवडाभर नोंद ठेवली तर कारण बहुधा हाती लागते. मात्र उपाय म्हणून सगळीकडे मंद दिवे लावणे ही पुढची चूक ठरते, कारण ज्यांना कमी दिसते किंवा जे ओठांच्या हालचाली पाहून बोलणे समजून घेतात, त्यांना भरपूर उजेड लागतो. प्रत्येक जागेचे बटण वेगळे असावे.

नजरेला नजर देण्याचा आग्रह आणि डोलणे किंवा हात हलवणे थांबवण्याची सक्ती, या दोन्ही सवयी मला विशेष घातक वाटतात. डोलण्याने मन स्थिरावते. ते दाबून ठेवण्यात व्यक्तीची शक्ती खर्च होते आणि कामाकडचे लक्ष उडते. स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले की स्वमग्न आणि इतर व्यक्ती यांच्यातला गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. तरीही बदलण्याची अपेक्षा आपण एकाच बाजूकडून ठेवतो.

‘जरा नीट करून आणा’ यासारख्या मोघम सूचनांऐवजी काय, किती आणि कधीपर्यंत हे लिहून द्यावे.

साध्या मदतीसाठीही निदानाचा दाखला मागू नये. अनेक प्रौढांचे निदान कधी झालेलेच नसते, आणि कानांवर हेडफोन लावून बसू देण्यासाठी कोणत्याही कागदाची गरज नाही.