लिनियर अल्जेब्रा घरबसल्या: दोन मिसळ, तीन चहा आणि एक वही

मशीन लर्निंग शिकायचंय तर लिनियर अल्जेब्राचा, म्हणजे पुष्कळ समीकरणं एकत्र हाताळायच्या गणिताचा, कुठला क्लास लावू, असं मला गेल्या महिन्यात तिघांनी विचारलं. आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीत क्लासचे बोर्ड ढीगभर आहेत, पण नोकरी करून रात्री नऊनंतर हा विषय शिकवणारं मला तरी कोण भेटलं नाही. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत क्वालिटीला आहे, डिप्लोमा मेकॅनिकल, गणित सुटून दहा वर्षं झालेली. रोज रात्री एक तास धरून मला आठ महिने लागले, आणि त्यातले पहिले दोन पार पाण्यात गेले. तुझे जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

पाण्यात का गेले, तर मी नुसतं बघत बसलो. अमेरिकेतल्या एमआयटीचा १८.०६ नंबरचा कोर्स ऑनलाइन फुकट आहे, गिल्बर्ट स्ट्रँग सरांची १९९९ सालची लेक्चरं, पस्तीसच्या आसपास आहेत, फळा आणि खडू एवढंच. (हे सर २०२३ साली, वयाच्या ८८व्या वर्षी रिटायर झाले, नाद खुळा माणूस.) मी रोज एक लेक्चर लावायचो, मान डोलवायचो, सगळं कळतंय असं वाटायचं, आणि सहा आठवड्यांनी वही उघडून तीन ओळी, तीन कॉलमचं एक गणित घेतलं तर हातच चालंना. कुस्ती बघून कोण पैलवान झालंय काय. म्हणून पहिला नियम हा की व्हिडिओ जितका वेळ बघशील त्याच्या दुप्पट वेळ वही. आकृत्या डोळ्यापुढं याव्यात म्हणून यूट्यूबवरच्या थ्री ब्लू वन ब्राउन चॅनलची २०१६ सालची मालिका आधी बघून घे, छोटे छोटे भाग आहेत, पण ती बघितली म्हणजे विषय झाला असं समजू नको, मी समजलो होतो.

सुरुवात मॅट्रिक्सच्या (ओळी आणि कॉलमांत मांडलेले आकडे) व्याख्येपासून करू नको, बिलापासून कर. मिसळीच्या गाड्यावर तुम्ही दोन मिसळ आणि तीन चहा घेतला, बिल १९० रुपये. मिसळ कितीची, चहा कितीचा? एका बिलावरून सांगता येत नाही. शेजारच्या टेबलावर चार मिसळ, सहा चहा, बिल ३८०. आता दोन समीकरणं झाली म्हणून उत्तर निघेल असं वाटतं, पण दुसरं बिल म्हणजे पहिल्याचीच डबल, त्यातनं नवीन काय कळलंच नाही. ह्यालाच लिनियरली डिपेंडंट म्हणतात. खरोखर वेगळी माहिती देणारी बिलं किती, तो आकडा म्हणजे रँक, इथं रँक एक. आणि शेजारच्याचं बिल ३९० आलं असतं तर? तर गल्ल्यावरच्यानं हिशेबात गडबड केलीय, कुठल्याच भावानं दोन्ही बिलं जुळत नाहीत, म्हणजे सोल्युशनच नाही.

आता खरी गंमत. समज मिसळ ८० आणि चहा १०, बिल १९०. मिसळ ३ रुपयांनी वाढवून ८३ केली आणि चहा २ रुपयांनी उतरवून ८ केला तर? १६६ अधिक २४, परत १९०. म्हणजे (३, -२) हा असा बदल आहे की केला तरी बिलाला पत्ताच लागत नाही. असले जेवढे बदल असतील त्यांचा मिळून नल स्पेस होतो. ही व्याख्या मी चार ठिकाणी वाचली होती, शब्द पाठ होते, पण डोक्यात बसली ती चहा पिताना. तूही तुझ्या धंद्यातलं उदाहरण शोध, दुसऱ्याचं उदाहरण दोन दिवसांत विसरतं.

दहावीला निश्चयक शिकलेला असतोस, क्रेमरची पद्धत, आठवतंय का? तेव्हा D शून्य आला की पुढं जायचं नाही एवढंच माहीत. वरच्या बिलांचा निश्चयक काढ, २ गुणिले ६ वजा ३ गुणिले ४, शून्य. D शून्य म्हणजे बिलं एकमेकांत गुंतलेली आहेत. पण माझं ऐकशील तर निश्चयक मागं ठेव, मोठ्या मॅट्रिक्सला तो हातानं काढत बसलास तर अख्खा आठवडा जातो आणि शिकायला मिळत काय नाही. आधी व्हेक्टर (वरच्या (३, -२) सारखी आकड्यांची रांग) आणि त्यांची बेरीज-गुणाकार, मग रो रिडक्शन (ओळीतनं ओळ वजा करत समीकरणं सोपी करणं), मग रँक आणि नल स्पेस, मग बेसिस (ज्यांच्यापासून बाकीचे सगळे बनतात असे कमीत कमी व्हेक्टर). इथंच निम्मा वेळ जाऊ दे, घाई करू नको. मॅट्रिक्स गुणिले व्हेक्टर म्हणजे मॅट्रिक्सच्या कॉलमांची मापात केलेली बेरीज, हे एकदा पक्कं झालं की प्रोजेक्शन (व्हेक्टरची सावली पाडणं) आणि लीस्ट स्क्वेअर्स (नेमकं उत्तर नसेल तर सगळ्यात जवळचं काढणं) आपोआप सोपे जातात.

आयगेनव्हॅल्यूला सगळे घाबरतात. २, १ ही वरची ओळ आणि १, २ ही खालची, असं मॅट्रिक्स घे. (१, १) ला गुणलं की (३, ३) येतंय, दिशा तीच, लांबी तिप्पट. (१, -१) ला गुणलं तर जसंच्या तसं परत. (१, ०) ला गुणलं तर (२, १), दिशा फिरली. ज्यांची दिशा फिरत नाही ते आयगेनव्हेक्टर, आणि ३ आणि १ ह्या त्यांच्या आयगेनव्हॅल्यू. आधी असं हातानं चारपाच व्हेक्टर टाकून बघ, सूत्र नंतर. जिओजेब्रा ॲपमध्ये चित्र काढलंस तर अजून बरं, मोबाईलवर फुकट आहे.

आता मदतीचं. तालमीत वस्ताद डाव दाखवतो, पण डाव अंगात मुरतो जोडीबरोबर लढून. एकट्यानं शिकणाऱ्याला ती जोड ऑनलाइनच मिळते, आणि तिथं मी पहिल्यांदा सपशेल चीतपट झालो. एका साइटवर वहीच्या पानाचा फोटो टाकला, खाली लिहिलं ‘नल स्पेस समजत नाही, प्लीज हेल्प, अर्जंट’. दहा मिनिटांत प्रश्न बंद. लई राग आला, आठवडाभर तिकडं फिरकलो नाही. नंतर स्वतःचाच प्रश्न वाचला तर मलाच कळंना की मला नक्की काय पाहिजे होतं.

तर प्रश्न असा विचार. फोटो नको, गणित टाइप कर, लेटेक ह्या गणित टाइप करायच्या पद्धतीचे चारपाच नियम एका संध्याकाळी येतात, डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये लिहायचं असतं. मग तू काय केलंस ते पायरीनं सांग, आणि कुठं अडलास ती एकच ओळ दाखव. माझा दुसरा प्रश्न सांगतो. नल स्पेस काढायचा होता, म्हणजे तिन्ही ओळींना शून्य देणारे x, y, z. मॅट्रिक्सच्या ओळी होत्या (१, २, ३), (२, ४, ६) आणि (१, १, १). मी लिहिलं: दुसऱ्या ओळीतनं पहिलीची दुप्पट वजा केली, सगळे शून्य आले. तिसऱ्या ओळीतनं पहिली वजा केली, (०, -१, -२) आलं. आता शून्याच्या ओळीवरून z = ० घेतला, तर सगळंच शून्य येतंय, पण उत्तरात (१, -२, १) दिलंय, असं का? आणि हे टाइप करता करताच ट्यूब पेटली. शून्याची ओळ म्हणते ० = ०, ती z बद्दल काय बोलतच नाही! z मोकळा आहे, z ला १ धरला की y = -२, x = १. प्रश्न पोस्ट करायची गरजच उरली नाही. असं माझं दहातल्या चारएक वेळा झालं असेल.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून लाजू नको, वाक्यं छोटी ठेव, गणित बरोबर टाइप केलं की लोकांना कळतंय. कोणी पूर्ण उत्तर न देता नुसती हिंट दिली तर रुसू नको, ते चांगलं माणूस असतंय. कोणी ‘हे तर उघड आहे’ म्हणून टोमणा मारला तर पुढं जा. एआय चॅटबॉटला विचारायला माझी ना नाही, मीपण विचारतो, पण तो चुकीचा गुणाकारसुद्धा छातीठोकपणे सांगतो, म्हणून आलेलं उत्तर मूळ समीकरणात घालून बघितल्याशिवाय वहीत उतरवायचं नाही. (१, -२, १) घालून बघ, १ - ४ + ३ = ०, दहा सेकंदाचं काम आहे.

पायथन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत नमपाय ही गणिताची लायब्ररी वापरशील तेव्हा दोन ठिकाणी फसशील, आधीच सांगून ठेवतो. आयगेनव्हेक्टर (१, १) ऐवजी ०.७०७१, ०.७०७१ असा दिसेल, ते चूक नाही, लांबी एक करून दिलेली असते, आणि व्हेक्टर कॉलममध्ये उभे वाचायचे, आडवे नाही. दुसरं, १ ते ९ आकडे ओळीनं भरलेल्या तीन बाय तीन मॅट्रिक्सचा निश्चयक शून्य असतो, पण तिथं शून्याऐवजी 6.66e-16 असलं काहीतरी दिसू शकतं, म्हणजे दशांशचिन्हानंतर पंधरा शून्यं आणि मग आकडा. कॉम्प्युटरच्या राउंडिंगचा तो कचरा आहे. मी त्यावर रात्री साडेबारापर्यंत चूक शोधत बसलेलो, सकाळी सातची शिफ्ट.

आणि प्रश्न सुटला की खाली आपलं दुरुस्त केलेलं उत्तर लिहून टाक, ज्यानं हिंट दिली त्याला थँक्यू म्हण. पुढच्या वेळी अडलास की तोच माणूस बहुतेक परत येतो, मला तरी तसाच एक जण भेटला, आठ महिने झाले, त्याचं खरं नाव अजून माहीत नाही.