पानं पिवळी दिसली की लगेच पंप भरू नका

झड उघडली की तापीकाठापासून साक्री-नंदुरबारपर्यंत एकच ओरड, मिरची पिवळी पडली, वांगं पिवळं पडलं. मग दुकानातून मायक्रोन्यूट्रियंटची (लोह, झिंक, बोरॉन अशा सूक्ष्म अन्नद्रव्यांची) बाटली येते, सोबत टॉनिक, सोबत बुरशीनाशक, अन् सगळं एकाच पंपात. भाऊ, आधी वावरात वाफसा (जास्तीचं पाणी ओसरून ओल अन् हवा दोन्ही असलेली माती) आलाय का ते बघा. काळ्या रानात पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही, मग जमिनीत लोह असूनही झाड पिवळंच दिसतं. आधी चर काढा.

वाफशावरही शेंडा पिवळा राहिला तर पान नीट बघा. कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्यागार, तर लोह कमी. पानं बारीक, पेरं आखूड, वाढ खुंटलेली, तर बहुतेक झिंक. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून चढत असेल तर लोहावर खर्च करूच नका, तिथं नत्र (नायट्रोजन) नाहीतर मॅग्नेशियम तपासा.

आपल्या चुनखडीच्या जमिनीत सामू (पीएच) 8 च्या आसपास, तिथं फेरस सल्फेट नुसतं फोकलं तर पिकाला लागायच्या आतच अडकून बसतं, म्हणून शेणखतात मुरवून द्या. ड्रिपमधून द्यायचं तर ईडीडीएचए चिलेट (मातीत अडकू नये म्हणून बांधून ठेवलेलं लोह) घ्या, महाग आहे पण अशा जमिनीत तेच टिकतं, ईडीटीए चिलेट फवारणीलाच बरं. झिंक सल्फेट 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम, अन् 35-40 ग्रॅम चुना भिजवून त्याची वरची निवळी, नाहीतर पानं भाजतात. डीएपी या स्फुरदाच्या खतात झिंक मिसळू नका, स्फुरद (फॉस्फरस) जास्त झालं की झिंक उचललं जात नाही.

बोरॉनचं मात्र जपून. फुलकोबीचा दांडा आतून पोकळ अन् गड्डा तपकिरी पडत असेल तर 20 टक्केवालं बोरॉन लिटरला 1 ग्रॅम पुरे. पुरेसं अन् जास्त यात फार थोडं अंतर आहे, त्यामुळे फवारणीतून, ड्रिपमधून आणि मिक्स खतातून असं तिन्हीकडून गेलं की जुन्या पानांच्या कडा जळायला लागतात, अन् लोक तो करपा (बुरशीचा रोग) समजून पुन्हा तांब्याचं औषध मारतात. वर्षानुवर्षं मारलेलं तांबंही जमिनीत साठतं अन् लोह अडवतं, म्हणजे परत पिवळेपणा.

कडा जळाल्याच असतील तर बोरॉन पूर्ण थांबवा आणि निचरा असेल तर चांगलं पाणी भरपूर देऊन जमीन धुऊन काढा. जळलेलं पान सुधरत नाही, नवीन पालवी बघूनच पुढचं ठरवा.