क्लेममधला शब्द अडला? डिक्शनरी सगळ्यात शेवटी उघडा

अमेरिकन पेटंटचे क्लेम, म्हणजे हक्काची हद्द ठरवणारी क्रमांकित वाक्यं, वाचताना एखाद्या शब्दाला अडलं की हात आधी डिक्शनरीकडे जातो, आणि घोळ तिथेच होतो. 2002 च्या टेक्सस डिजिटल निकालानंतर काही वर्षं पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या फेडरल सर्किट कोर्टाचीही पद्धत हीच होती, आधी डिक्शनरीतले अर्थ गोळा करायचे आणि मग पेटंटमध्ये त्यातले कुठले गळतात ते बघायचं. 2005 मध्ये फिलिप्स विरुद्ध एडब्ल्यूएच केसमध्ये पूर्ण बेंचने हा क्रमच उलटा केला.

याचा परिणाम किती मोठा, ते निस्ट्रॉम विरुद्ध ट्रेक्सवरून कळतं. पेटंट डेकच्या फळ्यांचं, वादातला शब्द ‘बोर्ड’. 2004 मध्ये डिक्शनरीच्या आधारे अर्थ मोठा धरला, म्हणजे फळी लाकडाचीच हवी असं नाही. फिलिप्सनंतर त्याच केसमध्ये 2005 ला कोर्ट म्हणालं की पेटंटभर आणि पेटंट ऑफिसच्या एक्झामिनरशी (अर्ज तपासणाऱ्याशी) झालेल्या पत्रव्यवहारात ओंडक्यातून कापलेल्या लाकडाबद्दलच बोललंय, तर अर्थही तेवढाच! शब्द तोच, डिक्शनरीही तीच.

म्हणून आधी सगळे क्लेम वाचा, फक्त वादातला नाही. फिलिप्समध्ये ‘बॅफल’ म्हणजे भिंतीच्या आतले अडथळे, आणि ते काटकोनात बसवलेले चालतील का यावर भांडण होतं. क्लेम 2 मध्ये बंदुकीच्या गोळ्या वळवण्यासाठी तिरके कोन वेगळे सांगितलेत, मग क्लेम 1 मध्ये ती अट आधीच आहे असं धरलं तर क्लेम 2 ला कामच उरत नाही ना. हा धागा कुठल्याच डिक्शनरीत सापडला नसता.

मग स्पेसिफिकेशन, म्हणजे पेटंटमधलं सविस्तर वर्णन, मग पत्रव्यवहार. लेखकाने शब्दाची व्याख्या स्वतः दिली असेल तर तीच चालते, विषय संपला. नसेल तर तुम्हाला समजलेला अर्थ एका ओळीत लिहून ठेवा, आणि हे डिक्शनरी उघडायच्या आधी करा, प्लीज, नंतर छापील व्याख्या डोक्यातून जात नाही.

आता डिक्शनरी. आवृत्ती फायलिंगच्या, म्हणजे पेटंटचा अर्ज दाखल झाला त्या काळातली घ्या, आजची वेबसाइट नको. त्या क्षेत्राची टेक्निकल डिक्शनरी असेल तर तीही बघा. सगळे अर्थ उतरवा, सोयीचा एकच नको. प्रत्येक अर्थ क्लेममध्ये बसवून वाचा, पेटंटमधलं मुख्य उदाहरणच बाहेर पडत असेल तर तो अर्थ बहुतेक चुकीचा. नोटमध्ये आवृत्ती, वर्ष, पान लिहा, आणि शेजारी स्पेसिफिकेशनमधली जुळणारी ओळ. ती ओळ मिळत नसेल तर तो अर्थ वापरू नका.