कुंडीतल्या लिंबाला फूल येत नाही? या चुका टाळा

झाड डोक्याएवढं झालं, पानं हिरवीगार आहेत, पण फुलाचा पत्ता नाही. गच्चीवर कागदी लिंबू लावणाऱ्या बहुतेकांची हीच तक्रार असते. अशा झाडाला सहसा काही कमी पडलेलं नसतं. उलट रोज पाणी, दर पंधरवड्याला खत अशी चंगळ चालू असेल, तर ते नुसतं वाढत राहतं. लिंबूवर्गीय झाडात फुलकळी तयार व्हायची असेल तर आधी वाढ थांबावी लागते. ती थंडीने थांबते, नाहीतर पाणी तोडल्याने. देशावर हिवाळ्यातली थंडी थोडंफार काम करून जाते. मुंबईत आणि कोकणात तेवढी थंडी नसते, त्यामुळे तिथे सगळी मदार पाण्यावरच.

पण त्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. पहिली, झाडाचं वय. कागदी लिंबाची रोपं बियांपासूनही बहुतांशी मूळ झाडासारखीच निघतात, म्हणून रोपवाटिकेत ती सर्रास मिळतात. वाण राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं साई शरबती असो की परभणीचं विक्रम, रोप बियांचं असेल तर चार-पाच वर्षं थांबावंच लागतं. गुटीचं (फांदीलाच मुळं फोडून केलेलं) किंवा कलमाचं झाड लवकर फुलतं. कलम असेल तर जोडाच्या खालून आलेले फुटवे दिसताक्षणी काढा. ते खुंटाचे, म्हणजे ज्यावर लिंबाचं कलम बांधलेलं असतं त्या जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचे असतात, जोमाने वाढतात आणि वरचं लिंबू हळूहळू मागे पडतं.

दुसरी गोष्ट ऊन. दिवसाला सहा तास थेट ऊन मिळत नसेल तर पुढचं काहीही करून फारसा उपयोग नाही. कुंडी हलवा.

ताण न देणं, किंवा चुकीच्या वेळी देणं

ताण म्हणजे काही दिवस पाणी तोडून झाडाची वाढ थांबवणं. सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून ती सविस्तर सांगते. लिंबाचे तीन बहार, म्हणजे फुलण्याचे हंगाम: जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबे बहार, पावसाच्या सुरुवातीचा मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार. फुलापासून फळ तयार व्हायला साधारण पाच ते सहा महिने लागतात. म्हणजे हस्त बहाराची लिंबं ऐन उन्हाळ्यात हाताशी येतात, जेव्हा बाजारात ती सर्वांत महाग असतात. शेतकऱ्याला हा बहार धरणं अवघड जातं, कारण त्यासाठी ताण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये द्यावा लागतो आणि तेव्हा पाऊस चालू असतो. कुंडीवाल्यांना ही अडचण नाही. पाऊस कुंडीच्या तोंडाशी अडवता येतो, आणि ही सोय वाया घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

ऑगस्टच्या मध्यापासून खत पूर्ण बंद करा. बुंध्याभोवती प्लास्टिकचा कागद उतरता बांधा, म्हणजे पाणी बाहेर ओघळेल आणि झाड उजेडातच राहील. उघडीप असेल तेव्हा कागद काढून ठेवा, नाहीतर बुंध्याशी बुरशी धरते. पाणी कमी करत आणा. दुपारी पानं मलूल होऊन दुमडली आणि सकाळपर्यंत पुन्हा ताजी झाली, तर ताण बरोबर बसतो आहे. ही अवस्था दोन आठवडे टिकवा, लागलं तर अधूनमधून तांब्याभर पाणी द्या. काही पानं पिवळी होऊन गळतील, घाबरू नका. मात्र सकाळीही पानं मलूलच दिसली, तर त्याच दिवशी ताण तोडा, म्हणजे पाणी पुन्हा सुरू करा.

ताण तोडतानाही घाई नडते. वरची दोन बोटं माती हलकी उकरा, त्यात दोन-तीन ओंजळी कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा. पहिलं पाणी, म्हणजे आंबवणी, हलकंच द्या. तीन-चार दिवसांनी कुंडीच्या भोकातून निथळेपर्यंत भरपूर पाणी द्या. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत नवी पालवी फुटते आणि तिच्यासोबत कळ्या येतात.

एप्रिल-मेमध्ये कुंडीतल्या झाडाला ताण देऊन मृग बहार धरायच्या फंदात पडू नका. उन्हात तापलेल्या कुंडीत मुळं दोन-चार दिवसांत करपतात. नुकतीच कुंडी बदललेल्या, आजारी किंवा तीन वर्षांखालच्या झाडालाही ताण देऊ नये.

फुलं येतात, पण गळतात

बरीचशी फुलं गळणारच, ते स्वाभाविक आहे. सगळीच गळत असतील तर पाण्याचा अनियमितपणा बघा. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी चिखल असं झालं की बारीक फळंही टिकत नाहीत. कळ्या दिसल्यापासून फळ सुपारीएवढं होईपर्यंत ओल एकसारखी ठेवा. फुलांवर कीटकनाशक तर मुळीच फवारू नका, मधमाश्या मरतात.

राख, युरिया आणि बोअरचं पाणी

युरियाने पालवी येते, फूल नाही. चुलीची राख पालाश देते म्हणून लोक लिंबाला हौसेने घालतात, पण ती अल्कधर्मी असते आणि लिंबाला किंचित आम्लधर्मी माती मानवते. बोअरच्या जड पाण्यानेही माती अशीच अल्कधर्मी होत जाते. मातीवर पांढरट थर साचतो, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोह-जस्ताच्या कमतरतेची खूण आहे. अशा वेळी आणखी शेणखत टाकत बसण्यापेक्षा सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी करा आणि पावसाचं पाणी साठवून ते वापरा. शेतातली काळी माती कुंडीत भरली असेल तर पाणी तुंबतं, पुढच्या वेळी पोयटा किंवा तांबडी माती घ्या.

कात्री आणि किडी

झाड गोल दिसावं म्हणून सगळे शेंडे कापू नका, फुलं नव्या फुटीवर येतात. वाळलेल्या काड्या (सल) आणि सरळ उभे वाढणारे पाणसोट तेवढे काढा. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी लिंबावरच्या फुलपाखराची असते, ती हाताने वेचा. पानांत वेड्यावाकड्या चंदेरी रेषा म्हणजे नागअळी. तिच्या जखमांतूनच पुढे खैऱ्या (पानांवर, फळांवर खरबरीत डाग पाडणारा) रोग शिरतो, म्हणून पालवी फुटताच, कळ्या उमलण्याआधी, निंबोळी अर्क फवारा.

फळं मार्च-एप्रिलपासून उतरायला लागतात. तोडणी संपली की झाडाला शेणखत द्या, उन्हाळाभर पाणी तोडू नका आणि पुढचा ताण थेट ऑगस्टमध्येच द्या. वर्षाला एकच.