इंग्रजी कवितेतील अलंकार कसे शिकावेत

इंग्रजीच्या तासाला सिमिली (उपमा), मेटाफर (रूपक), पर्सोनिफिकेशन (निर्जीव वा मानवेतर गोष्टीला माणसासारखे दाखवणे), अलिटरेशन (शब्दांच्या आरंभी त्याच ध्वनीची पुनरावृत्ती) अशी यादी उतरवून घेतली जाते आणि व्याख्या पाठ केल्या जातात. परंतु परीक्षेत अनोळखी ओळ समोर आली की व्याख्या आठवूनही अलंकार ओळखता येत नाही. म्हणून एकच कविता घ्यावी आणि तिच्या ओळींतून अलंकारांपर्यंत जावे. विल्यम वर्ड्‌स्वर्थ यांची १८०७ साली प्रसिद्ध झालेली डॅफोडिल फुलांवरची कविता त्यासाठी फार सोयीची आहे.

पहिल्याच ओळीत कवी सांगतो की तो ढगासारखा एकटाच भटकत होता. मराठी व्याकरणात शिकलेले चार घटक येथे वहीत मांडावेत : कवी हे उपमेय, ढग हे उपमान, एकाकीपणा हा साधारण धर्म आणि ‘अ‍ॅज’ हा साम्यवाचक शब्द. केवळ ‘अ‍ॅज’ किंवा ‘लाइक’ दिसले म्हणून सिमिली लिहू नये. ‘आय लाइक मँगोज’ या वाक्यात कसलीही तुलना नाही. साम्यवाचक शब्द नसून उपमेय आणि उपमान एकच मानले असतील, तर तो मेटाफर होय.

अलिटरेशन आणि यमक मात्र डोळ्यांनी नव्हे, कानांनी शोधावे लागतात, आणि येथे देवनागरीचा उत्तम उपयोग होतो. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ यांचे इंग्रजी आद्याक्षर एकच असले तरी उच्चार वेगळे आहेत. उलट ‘काइट’ आणि ‘कॅट’ यांची आद्याक्षरे वेगळी असूनही आरंभीचा ध्वनी एकच आहे. शंका आली की शब्द देवनागरीत लिहून पाहावा. याच कवितेत ‘ट्रीझ’ आणि ‘ब्रीझ’ यांची स्पेलिंगे शेवटी जुळत नाहीत, तरीही यमक साधते. म्हणूनच पहिल्या कडव्याची यमकरचना ए-बी-ए-बी-सी-सी अशी होते, म्हणजे पहिली-तिसरी, दुसरी-चौथी आणि पाचवी-सहावी ओळ यमकाने जुळते.

रसग्रहण लिहिताना अलंकाराचे नाव, संबंधित ओळ आणि परिणाम या तिन्ही गोष्टी द्याव्यात. परिणामाचे वाक्य बहुतेक विद्यार्थी गाळतात, किंवा ‘कविता सुंदर होते’ असे लिहून मोकळे होतात. कवितेतच आधार शोधावा : फुले माना डोलावत नाचतात हे पर्सोनिफिकेशन आहे, आणि पुढे कवी त्याच फुलांना आनंदी सोबती म्हणतो, म्हणजे आरंभी एकाकी असलेल्या कवीला या अलंकारामुळे सोबत मिळते, असे उत्तरात स्पष्ट लिहावे.